डाव्या खांद्याचं अक्रोड

मासा निवडायला साधनाला किती वेळ लागतो? कल्ला वर करायचा, आत लाल आहे का पाहायचं, पोटावर बोट दाबायचं, खड्डा राहिला की बाजूला टाकायचा. संपलं. सावली गावच्या बाजारात ती लग्न झाल्यापासून मासळी विकते आणि आजवर एकाही गिऱ्हाइकानं तिच्या टोपलीला नाक मुरडलं नाही. आणि इथं चंद्रपुरात, गुणवंतरावांच्या पडवीत, एका लाकडाच्या ठोकळ्यासाठी दोन बाप्ये सकाळपासून डोकं लावून बसले होते. चहा दोनदा झाला, ऊन अंगणातून पडवीत चढलं, तरी निवड काही होईना.

ठोकळा हवा होता पायलसाठी. पायल म्हणजे साधनाची एकुलती एक पोर. बारावीला, गडचिरोलीच्या होस्टेलात. तिथल्या क्लबात ती छऱ्याच्या रायफलीनं नेमबाजी करते, आणि चांगली करते. पण पोरगी पडली डेबरी. डाव्या हातानं लिहिणार, डाव्या हातानं जेवणार, डाव्या डोळ्यानं नेम धरणार. आणि क्लबाच्या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा आणि गाल टेकवायचा तो लाकडी भाग, सगळा उजव्या माणसासाठी कोरलेला. डावीकडून धरला तर गालाला टेकू नाही, अंगठ्याला जागा नाही. पायल त्याला टॉवेल गुंडाळायची, मान बगळ्यासारखी वाकडी करायची आणि नेम धरायची. शेवटी शेवटी मान भरून यायची आणि छरे भरकटायचे.

होळीनंतर राज्याच्या संघाची निवड होती. पायलच्या कोच दिव्यानी मॅडम साधनाला आडपडदा न ठेवता म्हणाल्या होत्या, "ताई, तिच्या मापाचा दस्ता झाला तर पोरगी निवडली जाईल, मी लिहून देते. नाही झाला तर पुढच्या वर्षी ती मोठ्यांच्या गटात जाते. तिथं मग गर्दीत हरवली म्हणून समजा." मॅडमचा भाऊ फौजेत, काश्मीरात. त्यानं तिथं वर्षानुवर्षं वाळवलेले अक्रोडाचे तीन ठोकळे पाठवले. आणि दस्ता घडवणारा माणूस पंचक्रोशीत एकच, गुणवंतराव. शेत राखायच्या परवान्याच्या बंदुकांना दस्ते बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"आपल्या बल्लारशाच्या सागवानाचे दरवाजे कुठी कुठी गेले," साधना कंटाळून म्हणाली, "आन आपल्याले लाकूड काश्मीरचं काऊन लागते जी?"

हे विचारायला नको होतं. गुणवंतरावांनी चष्मा काढला, पुसला आणि सुरू झाले. "साग चिरते, बाई. शिसम जड, पोरीचा हात भरून येईन. अक्रोड कसं, हलकं, चिवट. आन एकदा वाळलं का मंग उन्हाळा असो का पावसाळा, ना फुगे ना वळे. बंदुकीले असंच लाकूड पायजे, जे आपल्या जागेवरून हालत नाई."

साधनाचा नवरा देवानंद पहिल्या ठोकळ्याच्या प्रेमात पडला होता. त्यावर चॉकलेटी लहरी होत्या, मोराच्या पिसाऱ्यासारख्या. तो ठोकळा त्यानं नव्या नवरीसारखा मांडीवर घेतला होता.

"हाच घेऊ जी. पाह्य ना साधना, काय नक्षी हाये!"

"नक्षी चाटाची हाये का?" गुणवंतराव कडाडले. "मूठ पाहा, मूठ! मांगं कितीबी नक्षी राहो, मुठीतून रेघा सरळ गेल्या पायजे, नदी वाहते तशा. ह्या पाहा, आडव्या चालल्या. मुठीत आडवी रेघ म्हंजे आज ना उद्या तुटली समजा."

मग ठोकळा वजन करून पाहिला. मग कानाशी धरून बोटानं वाजवून पाहिला. मग ओल्या फडक्यानं पुसून चीर आहे का ते पाहिलं. दुसरा ठोकळा तसाच. तिसरा तसाच. परत पहिला. आणि दर खेपेला तेच, मूठ पाहा, रेघा पाहा, वाजवून पाहा. साधनाला ते सगळं असं पाठ झालं की झोपेत कुणी विचारलं असतं तरी तिनं म्हणून दाखवलं असतं. गुणवंतरावांची बायको गुणाबाई आतून चहा घेऊन येताना पुटपुटली, "माह्या लग्नाच्या वक्ती मले एवढं पाह्यलं नव्हतं यायनं."

शेवटी तिसरा ठोकळा ठरला. मागं थोड्या लहरी, मुठीत रेघा सरळ. दुसरा सरळसोट, फिकट, पाटासारखा साधा, म्हणून देवानंदनं त्याला तोंड वाकडं केलं होतं. पायल एका रविवारी येऊन उभी राहिली, गुणवंतरावांनी तिच्या खांद्याला आणि गालाला लावून लावून कच्चा आकार कापला. आणि म्हणाले, "आता याले घरी न्या. कापल्यावर लाकूड थोडं हालते, त्याचं हालनं सरू द्या. सावलीत, कोरड्या जागी ठेवा. माह्या पडवीचे कवेलू उतरून राह्यले, इथी धूळ आन दव. मी फोन करीन तवा आणा."

साधनानं ते लाकूड जुन्या लुगड्यात गुंडाळलं, माळ्यावर ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांना दम भरला. सगळ्यांना म्हणजे दोघांना. एक देवानंद. दुसरा तिचा सासरा, मनसाराम.

मनसाराम आयुष्यभर तळ्यावर राबलेला ढिवर. मासे मारायचे आणि डोंगे करायचे, म्हणजे एका लाकडातून कोरलेल्या लहान होड्या. उंच गालफडं, लांब मान, आणि तोंडातून शब्द निघायचा तो नेमका नको तेव्हा. साधनाचं आणि त्याचं एका गोष्टीवरून कायमचं वाकडं. पायल लहान असताना डाव्या हातानं घास उचलायची, आणि हा म्हातारा पळीनं तिच्या हातावर फटका द्यायचा. "डाव्या हातानं जेवते का माणूस? उजवा कुठी गेला?" पोरगी रडायची, साधना भांडायची, देवानंद ताटात पाहून मुकाट जेवायचा. शेवटी साधनानं घरातल्या पळ्याच लपवून टाकल्या आणि वरण वाटीनं वाढायला सुरुवात केली. ते अजून वाटीनंच वाढलं जातं.

"माळ्यावर कोनी चढू नोका," साधना म्हणाली. "त्या लाकडाले हात लावाल तर याद राखा."

"हं," मनसाराम म्हणाला.

आता 'हं' चा अर्थ काय घ्यायचा? साधनानं 'बरं' असा घेतला. तिथंच चुकलं.

होळीच्या आधी गुणवंतरावांचा फोन आला, आणा. साधना माळ्यावर चढली. लुगडं होतं, नीट घडी घालून ठेवलेलं. लाकूड नव्हतं. तिनं माळा पालथा घातला, खाटेखाली पाहिलं, तांदळाच्या कणगीमागं पाहिलं. देवानंदला विचारलं, तो म्हणाला, "मले काय मालूम?" हे त्याचं जन्माचं उत्तर. मग ती ओसरीवर आली. मनसाराम जाळं दुरुस्त करत बसला होता.

"मामाजी, पायलचं लाकूड पाह्यलं का?"

"ते?" मनसारामनं मानही वर केली नाही. "ते तळ्यात हाये."

"तळ्यात?"

"हव. अमावस पाहून टाकलं. गाळात चांगलं दाबून ठेवलं."

साधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तळ्यावरच्या माणसांची ही जुनी रीत. डोंग्याचं लाकूड तोडलं की अमावस्येला तळ्याच्या गाळात पुरायचं. त्यातला चीक पाण्यात उतरतो, मग त्याला किडा शिवत नाही. मनसारामचा स्वतःचा डोंगा असाच केलेला, आणि देवानंदच्या जन्माआधीचा तो डोंगा अजून पाण्यावर आहे. रीत खोटी नाही. पण ती ओल्या, नुकत्या तोडलेल्या लाकडाची! अक्रोडाचं हे लाकूड काश्मीरात वर्षानुवर्षं वाळवून आणलेलं. ते गाळात पुरणं म्हणजे उन्हाळाभर वाळवलेले पापड हौदात भिजत घालणं झालं.

"अवो मामाजी, ते वाळवलेलं होतं! मुद्दाम वाळवलेलं!"

"वाळलेल्यालेच घूण लागते," मनसाराम शांतपणे म्हणाला. "पोरीचं लाकूड हाये, जलमभर टिकलं पायजे. तुमचे गुणवंतराव का जानते लाकडातलं? त्याईनं कधी डोंगा केला का?"

"आन वरून अमावस पाहून टाकलं! मुहूर्त काढून सत्यानाश केला, बाप्पा!"

मग सगळी वरात तळ्यावर. देवानंद, शेजारचा सुकलू, आणखी दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायानं गाळ चाचपू लागले. मनसाराम काठावरून सांगत होता, त्या बेशरमाच्या झुडपाच्या अलीकडं, नाही, पलीकडं, थोडं खालच्या अंगाला. सुकलूच्या पायाला काही तरी कठीण लागलं. ओढलं तर निघाली जात्याची तळी. साधना गेल्या पंधरवड्यापासून ती तळी अंगणभर शोधत होती, तिच्यावर ती मिरच्या कुटायची. म्हाताऱ्यानं ती वजनाला बांधली होती. आणि तिच्याखाली, जुन्या जाळ्यात लपेटलेलं, लेकरासारखं बांधलेलं, पायलचं लाकूड.

कोळशासारखं काळं झालं होतं. फुगलेलं, बुळबुळीत, गाळाचा वास मारणारं. मागच्या लहरी गायब. देवानंदनं ते काठावर ठेवलं आणि तिथंच कपाळाला हात लावून बसला.

आणि साधनाचा बांध फुटला. डोक्यावरचा पदर केव्हा खाली पडला तिला कळलं नाही.

"सांगतो मी तुमी काऊन टाकलं ते! तुमाले त्या पोरीचा डावा हात कधीच पाहावला नाई! लहान होती तवा पळीनं मारला. आता मारता येत नाई, तर तिचं लाकूडच बुडवलं! घूण लाकडाले नाई लागत मामाजी, घूण तुमच्या मनाले लागली हाये!"

सुकलू उगाच पाण्याकडं पाहू लागला. मनसाराम वाकला, ते काळं लाकूड उचललं, पाण्यात धुतलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. मग ते वाकडं झालं का पाहायला म्हणून असेल, त्यानं ते खांद्याला लावलं, गाल टेकवला आणि तळ्यापलीकडच्या पळसाकडं पाहिलं. क्षणभरच. मग खाली घेतलं आणि देवानंदच्या हातात दिलं.

साधनाच्या डोळ्यांना त्यात काही तरी खटकलं. पण रागाच्या भरात माणसाला दिसतं खूप आणि कळत काही नाही. ती फोनकडं वळली.

"पाण्यात?" फोनवर गुणवंतराव म्हणाले.

"पाण्यात जी. गाळात."

मग गुणाबाईंचा आवाज आला, काय झालं, पाणी देऊ का. मग गुणवंतराव म्हणाले, "बाई, ते लाकूड वाळाले आता तीन वर्षं लागतीन. उन्हात ठेवान तर चिरा पडतीन. तीन वर्षांनं या." आणि फोन कट.

तीन वर्षांनी! साधना दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं चंद्रपूरला गेली. देवानंदला घेतलं, ओलं लाकूड पोत्यात घेतलं, आणि मनसारामला मुद्दाम घेतलं. ज्यानं केलं त्यानं तोंडानं सांगावं, आपण का म्हणून ऐकून घ्यायचं? वाटेत तिनं सासऱ्याशी शब्दही काढला नाही. शेंगदाणे घेतले तेव्हा त्याच्या हातावर ठेवले, पण तोंड खिडकीकडं करून.

गुणवंतराव रुसून बसले होते. त्यांनी काळं लाकूड उलटंसुलटं केलं, वाजवलं, भद्द आवाज आला, आणि त्यांनी ते मेल्या माणसासारखं हळूच खाली ठेवलं.

"चुकलं जी माहं," मनसाराम दारातच उभा राहून म्हणाला. तेवढंच.

"चुकलं म्हंता? अवो, असं लाकूड हातात येते का पुन्हा?"

"दुसरा ठोकळा हाये ना," साधना म्हणाली. "त्याचा करा."

"लाकूड बुडवनाऱ्याईले मी लाकूड देत नाई."

झालं. एका म्हाताऱ्यानं लाकूड बुडवलं, दुसरा रुसला, नवरा छताकडं पाहतोय, आणि तिकडं पोरगी परीक्षेचे पेपर देतेय या भरवशावर की आई बघून घेईल. साधना उठली, सरळ कोपऱ्यात गेली आणि तो फिकट ठोकळा ओढून मधोमध आणून आपटला.

"पाहा मूठ!" ती म्हणाली. "रेघा सरळ हाये का नाई? नदीसारख्या हाये का नाई? वाजवून दाखवू? हे घ्या, वाजला. ओलं फडकं आना, पुसून दाखवतो, चीर कुठी हाये ते सांगा. नक्षी नाई, तर नक्षी चाटाची हाये का? तुमीच म्हटलं ना? सकाळपासून सांजवेरी तेच तेच म्हटलं, माहं डोस्कं फिरवलं, आन आता लाकूड समोर हाये तर तुमी रुसून बसले!"

गुणवंतरावांनी चष्मा लावला, ठोकळ्याकडं पाहिलं, मग साधनाकडं पाहिलं.

"उलटा धरला तुमी," ते म्हणाले. "मूठ त्या अंगाले येते."

"असन! सुलटा करा आन कामाले लागा!"

आतून गुणाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. गुणवंतरावांनी ठोकळा सुलटा केला, मुठीच्या जागेवरून अंगठा फिरवला आणि नाइलाजानं मान हलवली. लाकूड चांगलं होतं. सरळ लाकूड कापल्यावर फार हालत नाही, म्हणजे महिनाभर ठेवायचीही गरज नव्हती. पण नवीच अडचण निघाली. अडचणींना काय, त्यांना साधनाच्या घरचा पत्ता कुणी तरी दिलाच होता.

"पोट्टी पायजे," गुणवंतराव म्हणाले. "मुठीचं जमन, खांद्याचं जमन. पन गाल कसा टेकते, मान कुठी येते, हे जित्या माणसाच्या अंगावरच पाहा लागते."

"तिचे पेपर सुरू हाये. पेपर सरले का दुसऱ्या दिवशी तिले निवडीले जा लागते."

"मंग डावखुरा माणूस द्या कोनी. तिच्या अंगकाठीचा."

देवानंद पुढं झाला. त्यानं पडवीतला एक जुना दस्ता डाव्या खांद्याला लावला तर हनुवटी वर, कोपर छताकडं. डावा डोळा उघडा ठेवून उजवा मिटायचा म्हटलं तर दोन्ही मिटले. पुन्हा केलं तर दोन्ही उघडे. गुणवंतरावांनी त्याच्या हातातून दस्ता काढून घेतला. "बसा तुमी."

साधना कपाळ चोळत बसली. आता डावखुरा माणूस कुठून आणायचा? बाजारात पुकारा करायचा? आणि मग, कालपासून डोळ्यांत खुपत होतं ते तिला एकदम दिसलं. तळ्याचा काठ. काळं लाकूड. म्हाताऱ्यानं ते उचललं, खांद्याला लावलं, गाल टेकवला. चाचपलं नाही, अडखळलं नाही. ते लाकूड डाव्या माणसासाठी कापलेलं होतं, आणि ते त्याच्या अंगाला एका झटक्यात बसलं होतं.

"मामाजी," ती म्हणाली. "उठा."

"मी? मले नाई येत."

"काल पाह्यलं मी तळ्यावर. उठा."

"ते असंच... पाहून राह्यलो होतो."

"मामाजी, माह्यात आता अजिबात दम उरला नाई हां! उठता का नाई?"

मनसाराम उठला. गुणवंतरावांनी दस्ता हातात दिला. म्हाताऱ्यानं एकदा देवानंदकडं पाहिलं, एकदा दाराबाहेर पाहिलं, कुणी येत तर नाही ना असं. मग दस्ता डाव्या खांद्याला लावला, लांब मान कलती केली आणि गालफड टेकवलं. थेट पायल. तीच मान, तेच गालफड. देवानंदच्या तोंडाचा आ वासला. चाळीस वर्षं बापाबरोबर जाळी ओढली, आणि बाप डेबरा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"कधीपासून?" गुणवंतरावांनी विचारलं.

"जलमापासून," मनसाराम म्हणाला. गाल लाकडावरच होता, म्हणून आवाज दबका आला. "आमच्या बानं हात बांधला खाटेच्या पायाले. जेवाच्या वक्ती रोज. उजव्यानं शिकेपर्यंत सोडला नाई. लोकं हासत. मले वाटलं, पोरीले नोको हासाले कोनी."

साधनाला राग आला. आता हे आधी सांगायला काय झालं होतं? पायल एवढीशी होती तेव्हा सांगितलं असतं तर? पण ती उठली आणि तो फिकट ठोकळा गुणवंतरावांच्या पुढ्यात सरकवला.

दुपारपर्यंत काम चाललं. फिकट ठोकळ्याचा कच्चा आकार कापला, मग तो लाव, उतरव. गुणवंतराव कानशीनं थोडं घासत, पुन्हा लाव. मनसाराम आधी लाजत लाजत लावत होता, मग नुसता लावू लागला, मग स्वतःच सांगू लागला, "इथी रुतते. पोरीचं गालफड नाजूक हाये, इथी आनखी घ्या." गुणवंतराव म्हणाले, लाकडातलं मला शिकवू नका. तरी तिथं आणखी घेतलं.

मग गुणाबाईंनी पानं वाढली. वरण, भात, वांग्याची भाजी. मनसाराम बसला, भातावर वरण घेतलं, आणि सकाळपासून जो हात कामाला लागला होता तोच हात घासाला गेला. डावा. घास तोंडाशी आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्यानं झटकन घास ताटात टाकला, हात मांडीखाली दडवला आणि साधनाकडं पाहिलं. सत्तरीचा म्हातारा, आणि नजर अशी, की आता कुठून तरी पळी येईल.

साधनाला ते पाहवेना.

"जेवा ना जी!" ती खेकसली. "जेवा ज्या हातानं जेवाचं त्या हातानं! येका हाताचं दुःख येवढं मोठं करून ठेवलं घरात, माहं अर्धं आयुष्य गेलं त्या पळीपायी! आता खाली नोका पाहू, भात थंडा होऊन राह्यला!"

मनसारामनं हात मांडीखालून काढला. काढला तो डावाच. तो हळूहळू जेवला, आणि दुसऱ्यांदा भात मागितला.

पुढचे काही दिवस तो रोज एकटाच चंद्रपूरला जात राहिला. काळं लाकूड गुणवंतरावांच्या घरात सावलीत उभं करून ठेवलं, तीन वर्षं वाळायला. निवडीत पायल आली, यादीत शेवटून दुसरी का होईना, ते गावाला ठाऊक आहेच, मासेमारांच्या सोसायटीच्या ऑफिसात पेढे वाटले. पण त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली.

पेपर संपले त्या दिवशी पायल होस्टेलातून थेट गुणवंतरावांकडं आली. नवा दस्ता, मॅडमनी क्लबातून पाठवलेल्या रायफलीला बसवून, तयार होता, फिकट, साधा, एकही लहर नसलेला. तिनं तो खांद्याला लावला आणि मान वाकडी करायला गेली, सवयीनं. वाकडी करावीच लागली नाही. गाल आपसूक जागेवर बसला. ती तशीच उभी राहिली, मग उतरवला, पुन्हा लावला, डोळे मिटून लावला.

"आई," ती म्हणाली, "मी तर इथी नव्हतो. माप कोनाचं घेतलं जी?"

गुणवंतरावांनी साधनाकडं पाहिलं. साधनानं ओठ घट्ट मिटले आणि दाराकडं पाहिलं. तिथं उंबऱ्याजवळ मनसाराम उकिडवा बसला होता. त्यानं शाळेतल्या पोरासारखा, घाबरत घाबरत, हात वर केला.

डावा.

साधनाला रडू कोसळलं, आणि त्याचाही तिला रागच आला.